कोरी ठेवलेली ओळ

"शेवटचा हात कोनाचा?"

हा प्रश्न ज्या बाईंच्या तोंडी दिवसातून दहा वेळा असायचा, त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारण साधं आहे. एकदा त्या प्रश्नाचं खरं उत्तर मीच होतो, आणि मी वर पंख्याकडे बघत बसलो. आता वय असं झालंय की पंख्याकडे बघितलं तरी मान धरते. तेव्हा सांगून टाकतो.

गोष्ट कापसाच्या वाईट वर्षांतली. यवतमाळला कापूस खरेदी करणाऱ्या एका संस्थेच्या जिल्हा कार्यालयात मी बडा बाबू होतो. ती संस्था आता राहिली नाही, आणि कपाटं कुठं गेली ते मलाही माहीत नाही. बाई तिथं कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होत्या. वय चाळिशीचं, लोहाऱ्याहून लुनावर यायच्या. लुना उभी केली की तिच्या सीटवर दोन थापा मारायच्या, बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा, आणि मग आत यायच्या.

कॉम्प्युटर बंद पडो, प्रिंटर अडो, पाण्याचा माठ गळो, बाईंचा पहिला प्रश्न तोच. शेवटचा हात कोनाचा? त्यांचं म्हणणं, यंत्र स्वतःहून बिघडत नाही. कोणीतरी हात लावतं आणि सांगत नाही. त्यासाठी त्यांनी एक लांबट वही केली होती. तिला सगळे हाताची वही म्हणत. पाच रकाने आखलेले: कोनाचा हात, काय केलं, काहून केलं, कोनाले विचारलं. पाचवा रकाना 'पाह्यलं'. तिथं बाईंची बारीक सही. ती पडल्याशिवाय नोंद पुरी झाली असं त्या मानत नसत.

एकदा साहेबांनी की-बोर्डावर चहा सांडला. बाईंनी वही पुढे केली. साहेबांनी 'काहून केलं'च्या खाली लिहिलं, 'अनवधानाने.' बाई सही करेनात.

"हे कारण नोहे साहेब," त्या म्हणाल्या. "हे पांघरून हाय."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, शब्द खोडला आणि लिहिलं, 'डुलकी.' बाईंनी सही केली. तुम्हीही कचेऱ्या पाहिल्या असतील. साहेबाकडून खरं कारण लिहून घेणारा कंत्राटी माणूस तुम्ही पाहिलाय का? मी तेवढा एकच पाहिला.

आमच्या संस्थेची एक वेबसाइट होती. कोणतं खरेदी केंद्र उद्या सुरू, कोणतं बंद, कोणत्या गावांच्या गाड्या कधी आणायच्या, हे तिच्यावर असायचं. गावोगावचे सायबर कॅफेवाले ती यादी रोज कागदावर उतरवून बसस्टँडच्या भिंतीला चिकटवत. भाव पडलेला, केंद्रापुढे गाड्यांच्या रांगा, अशात त्या कागदाला मोल होतं.

ही वेबसाइट नागपूरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर होती. पुढं वरून आदेश आला की ती दुसऱ्या सर्व्हरवर न्या. कंपनीनं सगळ्या फायली सीडीवर भरून दिल्या. बाईंनी त्या नव्या जागी चढवल्या, आणि पडद्यावर पांढरं पान आलं: सर्व्हरमध्ये चूक, पाचशे.

साहेब हादरले. त्यांना वाटलं चुका पाचशे आहेत. पाचशे हा त्या चुकीचा नंबर आहे, हे बाईंनी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "दमानं काढा लागन." साहेबांनी तर शाखांना वाटून द्यायची तयारी केली, आस्थापनेनं दीडशे काढाव्यात वगैरे. अर्ध्या तासानं बाईंनी निरोप पाठवला, "चारशे नव्व्याण्णव निंगाल्या. एक चहा झाल्यावर काढतो म्हणा."

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो होतो. मला त्या शिकवत आणि मला शिकायची हौस होती. नव्या सर्व्हरची एक गंमत त्यांनी दाखवली. कंपनीनं प्रत्येक फायलीला सगळ्यांसाठी मोकळी परवानगी देऊन ठेवली होती, आणि नवा सर्व्हर त्यानंच अडून बसला होता. "सगळ्यायले सगळं मोकळं देल्लं की हा रुसते," त्या म्हणाल्या. "आपल्या हापिसाच्या उलटा हाय." त्या परवानग्या त्यांनी आवळल्या, तरी पान पांढरंच. मग त्यांनी एक लपलेली फाइल काढली. तिचं नाव टिंबानं सुरू होतं, म्हणून ती सहज दिसत नसे.

"हे जुन्या घरचे कायदे हायेत, बाबूजी. नव्या घराले ते समजत नाही, मंग ते दारच लावून घेते."

"काढून टाका मग."

"काढाची कायले? नाव बदलू. कोपऱ्यात बसन बिचारी."

त्या फायलीच्या नावापुढे त्यांनी 'बंद' असं जोडलं. पान ताजं केलं आणि वेबसाइट उघडली. चहा तेव्हाच आला. हे सगळं त्यांनी स्वतःच्या नावानं हाताच्या वहीत लिहिलं, आणि 'पाह्यलं'च्या रकान्यात स्वतःचीच सही करताना मला म्हणाल्या, "इथं तुमची पाह्यजे होती खरी."

मी हसलो. माझी सही अशी कुठंही पडत नसते, असं मला वाटायचं.

डिसेंबरात बाई चार दिवसांच्या रजेवर गेल्या. दर वर्षी सहा डिसेंबरला त्या चैत्यभूमीला जात. अर्ज महिनाभर आधी दिलेला होता, साहेबांची मंजुरी होती, त्याची आवक-नोंद माझ्याच हातची होती. नेमकी तेव्हा तपासणी लागली. कंपनीकडून आलेल्या फायलींची हस्तांतरण यादी माझ्याकडे होती. दोनशेच्या वर नावं. मी बाईंच्या खुर्चीत बसलो, यादी मांडीवर घेतली आणि लाल पेनानं एकेक नाव जुळवत गेलो. सगळी जुळली, एक सोडून. यादीत 'बंद' नव्हतं.

आता बघा, मी जन्मभर फायली सांभाळलेला माणूस. मूळ कागदाचं नाव यादीत एक आणि कपाटात दुसरं, हे मला जेवणात खडा लागावा तसं लागायचं. साहेब मागं उभे राहून बघत होते. मी ऐटीत नाव बदललं, 'बंद' खोडलं, यादीवर लाल खूण केली. साहेब म्हणाले, वा. वहीत मी काही लिहिलं नाही. वही बिघडवणाऱ्यांसाठी होती. मी तर जुळवत होतो.

दुपारी वेबसाइट उघडून पाहिली, तर पांढरं पान. पाचशे.

मला त्याच क्षणी समजलं. पुन्हा 'बंद' लिहिलं की झालं, पाच सेकंदांचं काम. पण साहेबांनी वा म्हटलं होतं, आणि ते खोलीतच होते. उलट बदललं असतं तर चूक माझी, हे उघड झालं असतं. मी म्हटलं, सर्व्हरचं काही सांगता येत नाही, बाई आल्या की बघतील. साहेब गेल्यावर तरी करता आलं असतं. दोन दिवस मी ते पाच सेकंदांचं काम केलं नाही.

त्याच दोन दिवसांत मुकुटबनचं केंद्र जागा भरली म्हणून बंद झालं. सूचना टाकायला वेबसाइट नव्हती. तिथल्या भिंतीवर आदल्या दिवशीचाच कागद राहिला: केंद्र सुरू. झरीकडच्या गावांतून गाड्या भरून आल्या आणि बंद फाटकापुढे थंडीत दोन रात्री उभ्या राहिल्या. लोकांनी केंद्रावरच्या माणसाला कोंडलं, वर्तमानपत्रात आलं. वरून खुलासा मागितला गेला, आणि टिपणी मी लिहिली.

'संबंधित कंत्राटी ऑपरेटर रजेवर असून, त्यांनी मूळ फायलीच्या नावात विनापरवानगी बदल केल्याचे वहीवरून दिसून येते.'

यातला शब्दन् शब्द खरा होता. माझ्या नोकरीत मी एवढी कसबाची टिपणी दुसरी लिहिली नाही. माझ्या लिहिण्यावर कोणी शंका घेणार नाही आणि बाईंवर घ्यायला, त्यांच्या त्या रजेवर तोंड वाकडं करायला, निम्मी कचेरी तयार आहे, हेही मला माहीत होतं.

बाई आल्या. लुनाला दोन थापा, खांद्याला पुस्तकांची पिशवी. बसल्या, पाच मिनिटांत वेबसाइट उघडली आणि खुर्ची वळवली.

"शेवटचा हात कोनाचा?"

मी पंखा बघत होतो. पंखा बंद होता. डिसेंबर होता ना. बाईंची नजर माझ्या टेबलावरच्या यादीकडे गेली. दोनशे लाल खुणांत त्या एका नावाशी मी जरा मोठी खूण केली होती. त्यांनी ती पाहिली, मग मला पाहिलं, आणि वही ओढून आपली नोंद लिहायला लागल्या. वर एक ओळ कोरी सोडून.

त्यांचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. ते वाढलं नाही. जाताना वही त्यांनी साहेबांकडे दिली नाही, माझ्या टेबलावर ठेवली.

"एक ओळ कोरी ठेवली हाय, बाबूजी. सवड भेटली की भरजा."

त्या साहेबांकडे का गेल्या नाहीत? आपलं कोणी मानणार नाही, हे त्यांना ठाऊक असेल. किंवा त्या माझी वाट बघत असतील. दुसरं असेल तर मला जास्त लागतं.

पुढं त्यांनी लोहाऱ्याला, औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर, दुरुस्तीचं दुकान टाकलं. निवृत्त झाल्यावर मी तिथं गेलो, कबूल करायला म्हणून. त्यांनी स्टूल दिलं आणि विचारलं, काय बिघडलं? माझ्या तोंडून निघालं, ईमेलचा पासवर्ड विसरलो. विसरलो नव्हतो. त्यांनी नवा करून दिला.

दुसऱ्यांदा पिशवीत वही घेऊन गेलो. दुकानात गर्दी होती. भिंतीवर पाटी: 'हात लावण्याआधी वहीत लिहा.' त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, राळेगावच्या कोण्या तेलाचं नाव सांगितलं. मी पिशवी मांडीवर धरून तासभर बसलो आणि उठलो.

"पिशवी जड दिसून राह्यली, बाबूजी," त्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरवरून नजर न काढता म्हणाल्या. "ठेवून जा ना इथं."

मी म्हटलं, भाजी आहे. त्या हसल्या. ते हसणं आठवलं की मी अजून चालता चालता थांबतो.

तिसऱ्या वेळी शटर बंद होतं. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं सांगितलं, बाई गेल्या, महिना झाला, कावीळ झाली होती. लुना अजून मागच्या भिंतीशी उभी होती. "काई काम होतं काय जी?" त्यानं विचारलं.

"सही घ्यायची होती," मी म्हणालो.

आज सकाळी मी ती ओळ भरली. कोनाचा हात: माझा. काय केलं: फायलीचं नाव बदललं, आणि कळूनही दोन दिवस परत बदललं नाही. 'काहून केलं'च्या खाली आधी लिहिलं, 'यादी जुळावी म्हणून.' मग ते पांघरूण दिसलं. खोडलं आणि लिहिलं, 'भ्यालो.' कोनाले विचारलं: कोणालाच नाही. त्याच्या खाली थोडी जागा उरली होती, तिच्यात 'बाई, माफ करा' एवढं मावलं.

पाचवा रकाना रिकामा आहे.