ह्युबर्टची हिरवी पट्टी

बाळकुमच्या ह्युबर्ट डिमेलोला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक होतं, आणि ते काम तो दुसऱ्या कुणावर सोपवत नसे. ठाण्यातल्या एका रक्ततपासणी लॅबचे कॉम्प्युटर तो कंत्राटावर सांभाळायचा. कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंतच्या शाखांत नवा डेटाबेस बसवायचा होता. नीट बसवलात तर कायम करू, असं मालकीणबाई नीला मॅडम म्हणाल्या होत्या.

डेटाबेस बसवून देणारा प्रोग्राम, म्हणजे इन्स्टॉलर, एरवी पावलोपावली विचारत बसतो: कुठे बसवू, पासवर्ड काय, पुढे जाऊ का? ह्युबर्टने सगळी उत्तरं आधीच एका स्क्रिप्टमध्ये लिहून टाकली. आता ठाण्यात बसून बटण दाबलं की शाखेत गुपचूप काम सुरू. पडद्यावर काही उघडणार नाही, कुणी काही विचारणार नाही. शाखाशाखांत वणवण करायची गरजच नाही.

पण चाचणीलाच घोळ झाला. पडद्यावर काहीच हलेना, म्हणून आंबिवलीच्या शाखेतल्या गणूने कॉम्प्युटर बंद करून टाकला. दिसत नाही ते काम नव्हेच, असा त्याचा आपला हिशोब. मग ह्युबर्टने शक्कल लढवली. एक हिरवी पट्टी सरकत जाते आणि शेवटी ‘यशस्वी’ असं उमटतं, एवढाच एक प्रोग्राम त्याने वर चढवला. आत काम होवो न होवो, पट्टी आपली भरायचीच.

रविवारी सगळीकडे पट्ट्या सरकल्या आणि इथेच शहाण्याने माती खाल्ली. आत खरंच काय झालं ते तपासायचं सोडून, स्वतःच रंगवलेली पट्टी भरलेली बघून तो स्वतःच खूश झाला. मॅडमना फोन करून म्हणाला, “सगळीकडे झालं!”

सोमवारी सकाळी टिटवाळ्याच्या शाखेतून प्रीतीचा फोन. “सर, हिरवं यशस्वी आलंय, पण आत काहीच उघडत नाही. पेशंट उपाशीपोटी बसलेत हो!”

ह्युबर्टने स्कूटर पिटाळली. टिटवाळ्याच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी अख्ख्या लग्नाचे व्हिडिओ भरून ठेवले होते. जागाच नव्हती, त्यामुळे इन्स्टॉलर सुरुवातीलाच बंद पडला होता. वर पट्टी मात्र मजेत भरली होती. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर काढून त्याने काम पुन्हा लावलं, या वेळी पट्टीशिवाय.

“झालं का रे बाबा?” एका आजोबांनी विचारलं.

“माहीत नाही, आजोबा. चालू आहे एवढं खरं.”

तेवढ्यात मॅडमचा फोन. ‘नेटवर्क गेलेलं’ हे नेहमीचं वाक्य जिभेवर तयारच होतं. पण बाकीच्या शाखांतही असंच झालं असेल तर? लोकांचे रिपोर्ट जायचे कुठे? त्याने पट्टीचं सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे बाकीच्या ठिकाणी झालंय की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही?”

“नाही, मॅडम.”

“मग एकेक शाखा स्वतः बघून या. कायम करायचं पुढच्या वर्षी बघू.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोबाइल वाजला. बायकोने, इलेनने, फोटो पाठवला होता: पेढ्यांचा रिकामा बॉक्स आणि खाली ‘अख्ख्या बिल्डिंगला वाटले!’ कायम झालो, असं रविवारीच त्याने तिला सांगून टाकलं होतं.