शहर न पाहिलेली बाई

नवऱ्याला कंपनीत पंचवीस वर्षं झाली म्हणून कंपनीनं त्याला दोन दिवसांचा मुक्काम भेट दिला. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक नवा निसर्ग-निवास झाला होता. मातीची घरं, गावरान जेवण, प्लास्टिकला बंदी. मी चिंचवडच्या शाळेत मराठी शिकवते. परीक्षेचे पेपर तपासून मान आखडली होती. दोन दिवस झाडं बघत पडून राहू, एवढ्याच विचारानं मी बॅग भरली.

शनिवारी सकाळी निघालो. मोशीपासून ट्रकांच्या मागे ट्रक, चाकण चौकात नेहमीसारखा खोळंबा. महाळुंग्याचा फाटा आला की मी डावीकडे बघतेच. तिथे माझं आजोळ होतं. मामाच्या शेतावर आता निळ्या पत्र्याच्या शेड आहेत. मामा गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि मामी निघोज्याला दोन खोल्यांत राहायला गेली. अलीकडे फोनवर म्हणाली होती, "डोंगराकडच्या हाटेलात काम लागलंय, सैपाकाचं." कुठलं हॉटेल, हे मी विचारलं नव्हतं. त्याची आजही लाज वाटते.

खोटं कशाला बोलू, ते ठिकाण मला आवडलं. भिंती शेणामातीनं सारवल्यासारख्या दिसत होत्या, जमीन पायाला गार लागत होती. खोलीत बांबूचे टूथब्रश, काचेच्या बाटलीत पाणी. दोन तासांनी एकेक गोष्ट नजरेत येऊ लागली. एसी बांबूच्या जाळीमागे लपवलेला होता. मातीचा वास यावा म्हणून एक माणूस भर उन्हात नळीनं अंगण शिंपत होता आणि खालच्या वस्तीत टँकर उभा होता, तो मी येतानाच पाहिला होता. सगळ्या खिडक्या डोंगराकडे उघडत होत्या. कारखान्यांच्या बाजूला एकही नव्हती. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "इथे तरी शेड कशाला बघायच्यात?" तेही खरंच होतं.

दुपारी जेवायला बोलावलं. गवती छपराखाली, सगळ्यांना दिसेल अशा जागी ओटा घालून दोन चुली मांडलेल्या. हिरव्या नऊवारीत, नाकात मोठी नथ घालून एक बाई भाकरी थापत होती. तिच्याभोवती चार-पाच जण मोबाईल धरून उभे होते. धूर सरळ तिच्या तोंडावर जात होता. तिनं खोकण्यासाठी मान वळवली आणि मी तिला ओळखलं. मामी.

मी पुढे झाले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या मॅनेजरकडे, आणि म्हणाली, "बसा ताई. गरम वाढते."

माझी मामी मला ताई म्हणाली. मी जाऊन पाटावर बसले. समोर खांबावर एक लाकडी फळा होता. त्यावर मामीचा फोटो आणि खाली सुबक अक्षरांत मजकूर: "या मावशींनी आयुष्यात शहर पाहिलेलं नाही. हा डोंगर, ही चूल आणि आईकडून आलेली चव, एवढंच त्यांचं जग."

या बाईनं चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चौदा वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं ती तिथली मुख्य होती. तिन्ही शिफ्टचं जेवण तिच्या हाताखाली निघायचं. पांढरा कोट, डोक्याला टोपी, वाफेवरच्या मोठ्या पातेल्यांची तिला सगळी माहिती. बुधवारी मासवडी असायची, तर दुसऱ्या शिफ्टची माणसं लवकर येऊन रांग लावायची. निघोजे ते कारखाना ती स्वतःच्या स्कूटीवरून जायची. ठेका बदलला, नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली आणि मामी घरी बसली. तिच्या घरी वीस वर्षांपासून गॅस आहे. दोन वर्षांपूर्वी खोकला थांबेना तेव्हा मीच तिला मोशीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी बजावलं होतं की धुराजवळ बसायचं नाही. आणि नथीचं म्हणाल, तर मामा गेल्यापासून तिनं नाकात काही घातलं नव्हतं.

पानात मासवडी आली. तिच्याच हातची, पण तिखट काढून टाकलेली, मिळमिळीत. शेजारचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "किती प्युअर आहेत ना ही माणसं." मी घास तसाच ठेवला.

जेवणं आटोपल्यावर मागच्या बाजूला गेले. तिथे स्टीलचं लखलखीत स्वयंपाकघर होतं. चार शेगड्या, वर धूर ओढणारा पंखा. मामी मोरीपाशी डोळ्यांवर पाणी मारत होती. नथ कट्ट्यावर काढून ठेवलेली.

"मामी, आत एवढं सगळं असताना तू बाहेर धुरात का बसतेस?"

"पाव्हण्यांना चूल लागती. आत केलेली भाकर त्यांना चालत न्हाई."

"आणि तो फळा?"

"वाचला म्या. असूं दे. तू जा बाय, मॅनेजर बघंल."

मी गेले, पण खोलीवर नाही. ऑफिसमध्ये जागेचे मालक बसले होते. पुण्याचे आर्किटेक्ट, चाळिशीचे, खादीचा सदरा. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं, "फळ्यावर लिहिलंय ते तुम्ही त्यांना विचारून लिहिलंत का?"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, लोक इथे फक्त जेवायला येत नाहीत. त्यांना एक गोष्ट लागते."

"मग खरी गोष्ट सांगा. ही बाई रोज शेकडो कामगारांना जेवू घालत होती."

"कँटीन म्हटलं की ते वातावरण राहत नाही. आणि चुलीचा धूर हा इथल्या अनुभवाचा भाग आहे."

"अनुभव तुमच्या पाहुण्यांचा. फुप्फुसं तिची."

माझा आवाज चढला होता. शाळेत मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आहे माझा. नवरा धावत आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, आपण इथे कंपनीतर्फे आलोय." मी म्हटलं, कंपनीतर्फे आलोय म्हणून माझी मामी परकी होत नाही. मालकांनी मॅनेजरला सांगून मामीला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता ती माझ्या बाजूनं बोलेल.

ती दारात उभी राहिली आणि आधी माझ्याकडेच वळली. "तू मला इचारलंस का, हितं यायच्या आधी?"

जो प्रश्न मी मालकांना विचारला होता, तोच तिनं मला विचारला होता.

मग ती त्यांना म्हणाली, "सायेब, आता निघालंच हाय तर सांगते. तो फळा काढा. साडी नेसते, चुलीपाशी बसते, फोटो काढू देते. पन भाकरी आतल्या गॅसवर करनार. डागदरनी धूर बंद केलाय मला."

"बघू मावशी. सोमवारी बोलू," ते म्हणाले. अगदी गोड आवाजात.

आम्ही दुसरा दिवस न थांबता संध्याकाळीच निघालो. मोशीच्या अलीकडे नवरा म्हणाला, "तुझं बरोबर होतं. पण ते तिला ठेवणार नाहीत."

सोमवारी मामीला मॅनेजरचा फोन गेला. सध्या येऊ नका, गरज लागली की कळवू. मामीनं मला हे आठवडाभरानं सांगितलं, तेही तुटकपणे. "तुझा राग तुझ्यापाशी ऱ्हायला, काम माझं गेलं." त्यानंतर महिनाभर ती माझा फोन घेत नव्हती. मी निघोज्याला दोनदा गेले. एकदा कुलूप होतं, एकदा तिनं चहा दिला आणि टीव्ही लावला.

पुढे तिनंच मार्ग काढला. निघोज्यात कंपन्यांमध्ये काम करणारी, खोली करून राहणारी पोरं ढिगानं आहेत. त्यांना ती डबे देऊ लागली. दोन शेगड्या, मदतीला शेजारची एक बाई. पहिल्या बुधवारी मासवडी केली आणि मला फोन केला, "ये जेवायला. तिखट हाय." मी शाळेतून थेट गेले. जेवताना डोळ्यांतून पाणी आलं, ते नुसत्या तिखटानं नव्हे.

जूनमध्ये त्या निवासाची जाहिरात माझ्या मोबाईलवर आली. तोच खांब, तीच चूल, तोच मजकूर. आयुष्यात शहर पाहिलेलं नाही. फोटोत मात्र दुसरी, मामीपेक्षा बरीच तरुण बाई होती. मी मामीला दाखवलं. तिनं ते बोटांनी मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, "चल. स्टाफची जीप पाचला फाट्यावर सोडती."

मामीच्या स्कूटीवर मागे बसून गेले. फाट्यावर उतरलेल्या पाच-सहा बायकांत फोटोतली ती लगेच ओळखू आली. परभणीकडची निघाली. नवरा महाळुंग्यात ठेकेदाराकडे कामाला, तीही आधी एका कंपनीत पॅकिंगला होती. मामीनं तिला धुराचं सगळं सांगितलं, आपल्या खोकल्याचं, डॉक्टरांचं.

ती ऐकून म्हणाली, "तुमचं खरंय मावशी. पण कंपनीत बारा-बारा तास उभं राहून माझे पाय सुजायले होते. हितं बसायला तरी मिळायलंय."

मी विचारलं, "त्या फळ्यावर तुमच्याबद्दल काय लिहिलंय, कुणी वाचून दाखवलं का?"

तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "मला वाचता येतंय ताई. बारावी झालेय मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांनी तिला अडाणी ठरवून फळा लावला होता आणि मी, मराठी शिकवणारी बाई, तिच्या कैवारानं आले आणि विचारलं काय, तर हे. मामी मध्ये पडली. तिला म्हणाली, "हिचं मनावर घिऊ नको. उद्यापास्नं वाऱ्याकडं पाठ करून बसत जा. तोंडाला वलं फडकं लाव. फोटोवाले वरडले तर वरडू दे. आन खोकला आला तर माझ्याकडं ये, डब्याला बाई लागती मला."

तिनं मामीचा नंबर घेतला आणि रिक्षात बसून गेली. अजून तिचा फोन आलेला नाही. निवासाला मात्र मध्यंतरी पर्यावरण जपल्याबद्दल कुठलंसं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो होता, मालक हसत होते. मी तो पेपर वर्गात नेला आणि मुलांना निबंधाला विषय दिला: आमच्या घरातला स्वयंपाक कोण करतं आणि ते माणूस आणखी काय काय करतं. निबंध वाचत मी दोन संध्याकाळी बसले होते. राग काही कमी झाला नाही.