मागे सरकलेला गडी

दुबईतल्या अल कुसैसहून हमरियाला कामावर मी ज्यांच्या गाडीतून जातो, ते वसईचे अंकल आमच्या कंपनीचं स्टोअर सांभाळतात आणि अमेरिकन फुटबॉल बघतात. सकाळी चहा घेताना बॉनेटवर साखरेच्या पुड्या मांडून मला खेळ शिकवतात. हरलेली पुडी शेवटी चहात.

"झोन ब्लिट्झ म्हणजे फसवणूक रे. समोरचा धिप्पाड गडी बॉल फेकणाऱ्याच्या अंगावर येणार वाटतं, पण तो गुपचूप मागे सरकतो. धावून येतो कोपऱ्यातला."

"मग करायचं काय?"

"कोपऱ्यातल्याने सोडलेली जागा रिकामी ना? बॉल पटकन तिथे टाकला की खलास. फक्त मागे सरकलेल्याला बघून टाक. तो मधेच झेलतो."

परवा माझ्या हातून चुकीचा माल गेला म्हणून मीटिंग झाली. नेहमी ओरडणारे मॅनेजर गप्प बसले आणि एरवी अबोल असलेला सेल्सवाला माझ्यावर तुटून पडला. अंकलनी हळूच साखरेची पुडी माझ्यापुढे सरकवली.

मी सेल्सवाल्याला म्हणालो, "ऑर्डर तर तुम्हीच बदललीत ना?"

तो खाली बघायला लागला.

परतताना मी खुशीत होतो. अंकलनी एवढंच विचारलं, "मॅनेजरकडे बघितलं होतंस?"

नव्हतं बघितलं. तेवढ्यात मॅनेजरचाच मेसेज आला : 'ऑर्डर मी बदलायला सांगितली होती. उद्या आल्याबरोबर मला भेट.'