बापासाठी खणलेला खड्डा

"ह्यां तुझ्या बापाशीचां. उचल."

भाटकार काजूच्या झाडाखाली उभा होता. हातातल्या काठीने जमिनीवरचं दाखवत होता. मी कामाला निघाले होते. पेडण्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला होते मी. अंगावर इस्त्रीची साडी, वेणी घातलेली, बसची वेळ झालेली.

"भाटकारानू, तेंका बरां नाय."

"मगे? माझ्या भाटात घाण? उचल. हातान."

करवंटी शोधली. बसले. बापाचं ते पातळ, पिवळं उचललं. सगळं उचलून होईपर्यंत तो हलला नाही. हात धुवायला विहिरीकडे निघाले तर मागून म्हणाला, "माझ्या बांयर नको."

हात तसेच घेऊन व्हाळाच्या पाण्यापर्यंत चालत गेले. बस गेली. त्या दिवशी दुकानात गेले नाही. घरी आईला सांगताना रडले, आणि आतल्या खोलीत बाबा जागे होते.

आमचं घर भाटकाराच्या भाटात, म्हणजे त्याच्या बागायती जमिनीत. आम्ही मुंडकार. आजोबा त्याच्या काजू-माडांची राखण करायचे, म्हणून त्यांना कोपऱ्यात घर बांधू दिलेलं. भिंती आमच्या, भिंतीखालची माती त्याची. गोवा मुक्त झाला तेव्हा आजोबा पेडण्याला जाऊन झेंडा बघून आले म्हणे. घरी आले आणि छपराचे फुटके नळे बदलू का, म्हणून भाटकाराला विचारायला गेले. पुढे मुंडकारांसाठी कायदा आला. कायदा पणजीत होता. वाड्यावर भाटकार होता.

बाबा प्यायचे. लपवत नाही. काजूच्या दिवसांत भाटकाराच्या भट्टीवर राबायचे आणि अर्धी मजुरी काजूच्या दारूत, उर्राकात मिळायची. भाटकार स्वतः ओतून द्यायचा. "पी रे, थकलंस." पाजून नामानिराळा. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, तेव्हा बाबांनी दारू सोडली. खरीच सोडली. पण लिव्हर तोवर दगड झालं होतं.

मग एक नवंच सुरू झालं. दिवसा झोपायचे, रात्रभर जागे. सदऱ्याच्या बाहीत पाय घालायचे. मला त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. बोलताना जीभ जड. वाड्यावरचे शेजारी म्हणाले, बाधा झाली. भाटकार म्हणाला, "परत ढोसूक लागलो." आम्हीही संशय घेतला. आईने वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. सडत आलेल्या फळासारखा गोडूस, कुबट होता.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी त्यांना म्हटलं, "हात पुढे धरा. बस थांबवता तसे." बाबांनी धरले. पंजे आपोआप खाली पडत, वर येत. फडफडत. त्यांनाच नवल वाटलं, आपल्या हातांकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी समजावलं. रक्तातलं विष लिव्हर साफ करत नाही, ते डोक्यात जातं. हे वेड नाही, बाधा नाही. एक गोड पातळ औषध दिलं. रोज दोन-तीनदा पातळ व्हायलाच हवं, त्यातून विष बाहेर जातं. जास्त झालं तर डोस कमी करा, बंद करू नका. पोट बांधलं गेलं, ताप आला, शौच काळं झालं, तर लगेच घेऊन या. झोपेची गोळी देऊ नका. उपाशी ठेवू नका, डाळ-मासळी खाऊ द्या.

सगळं समजलं. एकच विचारायचं राहिलं. दोन-तीनदा बसायचं कुठे?

आम्ही उजाडायच्या आत व्हाळाकडे जायचो. बाबांना तेवढं चालवत नव्हतं. घरामागे काजूच होते. आई भाटकाराच्या अंगणात जाऊन उभी राहिली, एक संडास बांधू द्या म्हणाली. त्याच्या घरात तीन संडास. माणसं दोन. तो म्हणाला, "आज संडास व्हयो, उद्या भाट मागतल्यात."

आई परत आली. आणि त्यानंतर ती करवंटी माझ्या हातात आली.

त्या दिवसापासून बाबांचं पोट थांबलं. आई खूश. शेजारीणही म्हणाली, "बरां जालां, हगवण बंद जाली." आम्हाला वाटलं, माणूस सुधारतोय. डॉक्टरांचे शब्द मी ऐकले होते, तरी मलाही वाटलं. पातळ होणं म्हणजे आजार आणि थांबणं म्हणजे बरं, हे जन्मापासून ऐकलेलं. औषध बाबा खिडकीतून केळीच्या मुळात ओतत होते हे कुणाला ठाऊक!

मग एका दुपारी ते अंगणात उभे राहिले. समोर कुणी नव्हतं. हात जोडलेले, जोडलेले पंजे फडफडत होते.

"भाटकारानू, मी भायर बसूक नाय. भाटकारानू, मी बसूक नाय."

तेवढंच. पुन्हा पुन्हा. मग खाली कोसळले ते डोळे उघडेनात.

धारगळच्या एकाच्या टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं. एनिमा दिला, नळीतून औषध दिलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "औषध बंद का केलं? शिकलेली दिसतेस तू."

मी मान खाली घातली. सवयच ती. मग म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे संडास नाही."

"संडास नाही म्हणून कुणी औषध सोडतं?"

सोडतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आमची विहीरसुद्धा भाटकाराची.

दुसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले. मला ओळखलं, माझ्या नावाने हाक मारली. आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"मी घाण करूक नाय मां? भाटकार काय म्हणालो?"

मरणाच्या दारातून परत आलेला माणूस. ना पाणी मागितलं, ना आईचं विचारलं. रडू आलं नाही. संताप आला. भाटकाराचा नंतर, आधी माझा. मी उचललं होतं. तो म्हणाला आणि मी उचललं होतं.

घरी आले, साडी खोचली, कुदळ घेतली. भरदिवसा, भाटकाराच्या खिडकीतून दिसेल असं, संडासाचा खड्डा खणायला लागले. तो काठी घेऊन आला.

"कोणाक विचारून खणतंस गो?"

"कोणाकच नाय."

"पोलिसांक आणतंय. घर उपटून टाकतंय."

आई आतून बाहेर आली. मला वाटलं, आता त्याच्या पाया पडेल. तिने टोपली घेतली आणि माती उचलायला लागली. तो बराच वेळ उभा होता. या वेळी त्याच्याकडे बघायला मला सवड नव्हती.

बाबा त्यानंतर फार जगले नाहीत. दगड झालेलं लिव्हर संडासाने पाझरत नाही. पण पुन्हा त्यांनी औषध ओतून दिलं नाही, आणि मरेपर्यंत त्यांनी मला माझ्याच नावाने हाक मारली.

भाटकाराने केस घातली आहे. बेकायदा बांधकाम, संडास पाडून टाकावा म्हणे. तारखा पडतात. मी दुकानातून रजा घेते, जाते, उभी राहते. निकाल काय लागेल ठाऊक नाही.

पाडायला यायचं तर या. मी आत असेन, आतून कडी लावून.