आतून फाटलेली धमनी

बार्शीटाकळीच्या शाळेत संध्या तायडे मुलींना कबड्डी शिकवत. मैदान टाळायला पोट धरून बसलेली पोरगी त्या एका नजरेत ओळखत, आणि जिचं खरंच दुखत असेल तिला स्वतः घरी सोडून येत. एका सकाळी पकड दाखवून त्या सरळ होतात न होतात, तोच बेंबीच्या वर, खोल आत काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं. त्या मटकन खाली बसल्या.

गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. कळ तसूभर हलली नाही.

"पडून राय थोडी, उतरंल," नवरा ललित म्हणाला.

"हे पित्त नोहे. गाडी काढा, अकोल्याले जाऊ."

अकोल्याला डॉक्टर वर्षाली यांनी पोट दाबून पाहिलं. पोट मऊ होतं, सोनोग्राफीही साफ, पण बाई घामाने भिजलेल्या. एवढं दुखणं आणि इतकं मऊ पोट, हे डॉक्टरांना खटकलं. रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून त्यांनी शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन करवला.

"आतड्यांना रक्त नेणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलंय," त्या म्हणाल्या. "रक्त त्याच्या मागे शिरलंय, म्हणून वाट अरुंद झालीय."

"इनं काही अवजड उचललं असंल," ललित म्हणाला.

"तसं काही लागत नाही. कधीकधी आपोआप फाटतं. बीपी मात्र बरंच वाढलंय."

संध्याबाईंनी विचारलं, "आतड्याले रगत पोचून राहिलं ना?"

"पोचतंय, म्हणून आज ऑपरेशन नको. खाणंपिणं बंद, सलाइन आणि बीपीचं औषध. कळ वाढली तर लगेच सांगा, धमनीत जाळी बसवावी लागेल."

"सांगतो. लपवणार नाही," संध्याबाई म्हणाल्या.

दुपारी कळ पुन्हा उसळली. आता मात्र त्या घाबरल्या, पण क्षणभरही न थांबता त्यांनी नर्सला हाक मारली. पुन्हा स्कॅन झाला. फाट वाढली नव्हती. मग दुखणं हळूहळू ओसरलं, आणि एका सकाळी त्या ललितला म्हणाल्या, "मले भूक लागली." डॉक्टरांनी भाताची पेज द्यायला सांगितली. ती अळणी पेज त्यांनी बोटाने निपटून खाल्ली.

काही महिन्यांनी केलेल्या तपासणीत अस्तर बरंचसं सांधलेलं दिसलं. बीपीची गोळी कायमची लागली. पकड आता मोठ्या मुली करून दाखवतात, बाई रेषेवर उभ्या राहून चुका काढतात. पातूरला झालेला सामना मुली थोडक्यात हरल्या, तेव्हा परतीच्या जीपमध्येच त्यांनी पुढचा संघ ठरवून टाकला.