एकाच फाइलचे दोन रोल नंबर

प्रेमलाबाई बी.ए. झालेल्या. जळगाव जामोदच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, की गार्गीची शाळा गार्गीपेक्षा तिच्या आईनेच जास्त शिकली. थर्मोकोलचा किल्ला, वक्तृत्वाचं भाषण, चित्रकलेची वही, सगळं त्यांच्या हातचं. "पोरगी परीक्षेले तरी स्वतः जाते ना?" नवरा विचारायचा. त्या हसून टाळायच्या.

कॉलेजात विहिरींच्या खाऱ्या पाण्याचा प्रकल्प आला, तेव्हा गार्गी तापाने अंथरुणात होती. तिची मैत्रीण समता संग्रामपूरकडची गावं फिरून पाण्याचे नमुने तपासून आली होती. कसं करायचं ते कळावं म्हणून तिने आपली संगणकावरची फाइल गार्गीला पाहायला दिली. फाइलच्या आत नाव लिहायचं नाही, फाइलला नाव म्हणून फक्त रोल नंबर द्यायचा, असा कॉलेजचा नियम. शेवटच्या दिवशी प्रेमलाबाईंनी समताचा नंबर पुसून गार्गीचा टाकला आणि फाइल पाठवून दिली. गार्गीला म्हणाल्या, "तुझं अर्धं राहिलं होतं, ते मी पूर्ण केलं."

पुढच्या आठवड्यात दोघींना आयांसकट बोलावणं आलं.

"संगणक प्रत्येक फाइलचा हॅश काढतो," सर म्हणाले. "आतल्या मजकुरावरून तयार होणारा आकड्या-अक्षरांचा ठसा समजा. आत एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. वरचं नाव बदलून काही होत नाही. या दोन फाइलींचा ठसा एकच आहे. कोणी कोणाची घेतली, हे मात्र त्यावरून कळत नाही. खरं सांगितलं नाही, तर दोघींना शून्य." बोलता बोलता त्यांची नजर समतावर जाऊन थांबली.

समताची आई पंचफुला शेतातून तशीच आली होती. ती लेकीवरच उखडली. "काऊन वं, लोकायचं उचललं तू? या बाईच्या घरी जेवतं, अन् त्याइचंच?"

"मी तिले पाह्यले देल्ली होती," समता एवढंच म्हणाली.

गार्गी गोंधळून आईकडे पाहत राहिली. गप्प बसलं तर निभावून जाईल, हे प्रेमलाबाईंना कळत होतं, आणि त्या गप्प बसल्याही. तेवढ्यात पंचफुलाने हात उगारला.

"मारू नका तिला. मी घेतली. नंबर मीच बदलला. गार्गीला माहीतही नाही."

पंचफुलाचा हात खाली आला. "तुमी शिकेल-सवरेल हा बाई," ती हळूच म्हणाली. "म्हणून मले वाटलं, माहीच पोर खोटी असंन."

प्रेमलाबाईंची मान वर होईना. सरांनी गार्गीच्या नंबरापुढे शून्य लिहिलं. समता बाहेर पडली, तिच्यामागे गार्गी. प्रेमलाबाई उठू लागल्या, तर ती दारातून वळून म्हणाली, "आई, तू येऊ नको. मलाच बोलू दे तिच्याशी."

त्या पुन्हा बसल्या. समोर पंचफुला होती.