कांजिण्या ओमकारला, ताप आम्हाला

खरं सांगू? मला आता फक्त झोप हवीय. पण भेटेल तो विचारतो, "काय रे, तुमच्याकडे देवी आल्या होत्या ना?" की मी परत सुरू. एक सांगेपर्यंत दोन आठवतात!

करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं. मी, समीर आणि ओमकार. ओमकारला कांजिण्या झाल्या, त्याही ऐन साखरपुड्याच्या तोंडावर. आम्हा दोघांना लहानपणीच होऊन गेलेल्या, म्हणून सेवेला आम्ही.

डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, वेगळं ठेवा. ओमकारच्या आईने फोनवर बजावलं, घरात देवी आल्यात, फोडणी द्यायची नाही. मी शहाणपणा केला. म्हटलं, काकू, देवी वेगळी, ती जगातून कधीच गेली. या नुसत्या कांजिण्या.

काकू म्हणाल्या, "ती गेली म्हणून तिच्या बहिणीला दारातून हाकलायचं का?"

झालं. रोज बिनफोडणीचं वरण.

*

आंघोळीच्या पाण्यात कडुलिंब टाकायचा होता. समीर पनवेलच्या मार्केटमधून मोठी जुडी घेऊन आला. उकळलं, ओमकारला घातलं. बाथरूममधून सांबारासारखा वास!

समीरने कढीपत्ता आणला होता. घरात फोडणी बंद, आणि ओमकारच फोडणीला पडला.

*

खरा कडुलिंब मिळाल्यावर एक डहाळी दाराला लावली. मजल्यावरची पोरं लगेच गायब. पण वरच्या मजल्यावरच्या काकू दहीभात घेऊन आल्या, उंबऱ्याबाहेर ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात समीरने दार उघडलं. चड्डी-बनियनवर, तोंडात ब्रश.

काकूंनी डोळे उघडले. तरी हात काही लगेच खाली आले नाहीत!

*

हे सगळं चालायचं, पण ओमकारचा जीव भलत्याच गोष्टीत अडकलेला. चेहऱ्यावर खड्डे राहिले तर सायली लग्नाला नाही म्हणेल, ही भीती. तिला नुसता ताप सांगितलेला, कॅमेरा बिघडल्याची थाप मारलेली. तिचे फोन मी घ्यायचो. खोटं बोलून बोलून मीच थकलो. शेवटी एकदा खरं सांगून टाकलं.

तिला कांजिण्या झालेल्या नव्हत्या, म्हणून घरचे तिला येऊ देईनात. तिने उरणहून आत्याला पाठवलं.

आत्या आल्या. हातात शहाळी, चेहराभर देवीचे जुने व्रण. मी दारातच म्हटलं, सांभाळून, लागण होईल. "मना दोनी होऊन गेल्यान," म्हणत त्या सरळ आत.

ओमकारने चादर डोक्यावरून ओढून घेतली. समीरने विनवलं, मी दम दिला, तो हलेना. आत्या पलंगावर त्याच्या शेजारी बसल्या.

"आदी माजा तोंड बग," त्या म्हणाल्या, "मंग तुजा लपव."

 मग चादर हळूहळू खाली आली.

आत्यांनी सायलीला व्हिडिओ कॉल लावला, फोन त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, "चल, शहाली फोरू."